खाडीतील सूक्ष्मप्लास्टिक आणि त्यावरील जिवाणूंची वसाहत : ठाणे व पनवेल खाडीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : पाण्यातील प्लास्टिकच्या प्रत्येक कणावर जिवाणूंचा थर जमतो. नदीचे गोडे पाणी, समुद्राचे खारे पाणी आणि शहराचे सांडपाणी जेथे एकत्र येतात, त्या खाडीत या थराचे महत्त्व वाढते. प्रस्तुत लेखात हा थर कसा तयार होतो, त्यात कोणते जिवाणू आढळतात, रोगजंतू व प्रतिजैविकरोध यांच्याशी त्याचा कितपत संबंध आहे आणि पाणी तपासण्याच्या रूढ पद्धतीत तो का निसटतो, याचा ठाणे व पनवेल खाडीच्या संदर्भात विचार केला आहे.

प्रस्तावना

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रातील भटक्या कुत्र्यांचे अंग निळे पडल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाची चर्चा पुन्हा सुरू झाली. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रदूषणाची दखल अशी चटकन घेतली जाते. ओहोटीच्या वेळी बेलापूर, सारसोळे किंवा वाशीच्या किनाऱ्यावर तिवरांच्या श्वसनमुळांत अडकलेल्या पिशव्याही सर्वांना दिसतात. परंतु त्याच पिशव्यांचे उन्हाने आणि लाटांनी झालेले बारीक तुकडे चिखलात मिसळले की दिसेनासे होतात. त्या तुकड्यांवर वाढणारे जिवाणू तर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसू शकतात. या न दिसणाऱ्या प्रदूषणाचा विचार करणे नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहराला अगत्याचे आहे, कारण या खाडीवर आगरी-कोळी समाजाची उपजीविका अवलंबून आहे आणि तिच्यातील मासळी शहराच्या ताटात येते.

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे काय?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान आकाराच्या प्लास्टिककणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर ही संज्ञा रूढ झाली. हे कण दोन मार्गांनी पाण्यात येतात. काही मुळातच लहान असतात. प्लास्टिकच्या कारखान्यांना कच्चा माल म्हणून पुरवले जाणारे दाणे हे त्याचे उदाहरण होय. उरलेले कण मोठ्या वस्तूंचे तुकडे होऊन तयार होतात. पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, नायलॉनची जाळी व दोर आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे हे त्यांचे प्रमुख उगम आहेत. सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे प्लिमथ येथेच २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगांतून दिसून आले.

भारतातही या विषयाची नोंद बरीच आधी झाली. गुजरातमधील अलंग-सोसिया येथील जहाजतोडणीच्या किनाऱ्यावरील गाळात दर किलोमागे सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचे बारीक तुकडे असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मुंबईच्या जुहू, वर्सोवा, दादर आणि आक्सा या किनाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चौरस मीटरमागे सरासरी ६८ हून अधिक प्लास्टिकचे तुकडे मिळाले आणि त्यांतील सुमारे ४२ टक्के एक ते पाच मिलिमीटर आकाराचे होते.

तुकडे होण्याने प्लास्टिकचे वजन वाढत नाही, पृष्ठभाग मात्र वाढतो, आणि जिवाणूंच्या दृष्टीने पृष्ठभागालाच महत्त्व आहे. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे एक हजार घन केले, तर एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. जिवाणूची लांबी साधारणतः एक मायक्रोमीटर धरली, तर एका चौरस मिलिमीटरवर दहा लाख जिवाणू मावू शकतात. प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा मोडताना जिवाणूंसाठी अशी नवी जमीन उपलब्ध होत जाते.

खाडीचे वेगळेपण

मराठीतील ‘खाडी’ या शब्दात नदीचे भरतीप्रवण मुख आणि समुद्राचा आत शिरलेला फाटा या दोहोंचा समावेश होतो. नवी मुंबईच्या दोन्ही खाड्या या दोन प्रकारांची उदाहरणे आहेत. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब असून उत्तरेला ती अरुंद होत जाते व एका चिंचोळ्या मार्गाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडली जाते. पावसाळा वगळता तिच्यात गोडे पाणी फारच थोडे येते. जे येते त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. पनवेल खाडीत मात्र माथेरानच्या डोंगरांतून येणारी गाढी आणि तिच्यासह काळुंद्रे, कासाडी या नद्या मिळतात. नागरी वस्ती आणि तळोजा औद्योगिक क्षेत्र यांचे पाणी याच मार्गाने समुद्राकडे जाते.

या पाण्यातील वस्तू थेट समुद्रात जातात, ही समजूत बरोबर नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतील फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीबरोबर बाहेर निघालेला कण पुढच्या भरतीबरोबर पुन्हा आत येतो. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो व कण गाळात बसतात. उधाण आले की तो गाळ ढवळला जातो. शिवाय गोडे आणि खारे पाणी मिसळते तेथे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि त्यांत प्लास्टिकचे कणही गुरफटतात. तिवरांची मुळे हा गाळ धरून ठेवतात. परिणामी खाडी हा वाहून जाण्याचा मार्ग न राहता साठवणुकीची जागा बनते. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. गाळ आणि अन्न यांच्या ज्या साठवणुकीमुळे ही खाडी पक्ष्यांना आकर्षित करते, तीच साठवणूक प्लास्टिकलाही लागू पडते.

नवी मुंबईच्या रचनेतील आणखी एका घटकाचा येथे उल्लेख केला पाहिजे. सखल भूभागावर भराव घालून वसविलेल्या या शहरात भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झडपद्वारे बंद होतात, नाल्यांतून आलेले पाणी तलावात साठते आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. या तलावांत कालांतराने गाळ साचला व तिवरेही उगवली. नाल्यातील प्लास्टिक आणि सांडपाणी यांचा सहवास अशा ठिकाणी दीर्घकाळ घडून येणे स्वाभाविक आहे.

कणावरील वसाहत : टप्पे

पाण्यात पडलेला प्लास्टिकचा तुकडा फार काळ कोरा राहत नाही. पाण्यात विरघळलेली प्रथिने, शर्करा आणि मेदाम्ले काही मिनिटांतच त्याच्या पृष्ठभागावर बसतात. घन पृष्ठभागावर असे अन्नद्रव्य एकवटते आणि त्यामुळे विरळ अन्नाच्या पाण्यातही जिवाणूंची वाढ होते, हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्येच काचेच्या बाबतीत दाखवून दिले होते.

दुसऱ्या टप्प्यात पोहणारे जिवाणू पृष्ठभागाला तात्पुरते चिकटतात. त्यांपैकी काही निघून जातात, तर काही शर्करा व प्रथिनांचा चिकट स्राव सोडून कायमचे स्थिरावतात. या स्रावात गुंतलेल्या जिवाणूंच्या समुदायाला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. घाटावरच्या पायऱ्यांवरील बुळबुळीत थर किंवा माठाच्या आत जमणारा निसरडा पापुद्रा हे त्याचे परिचित रूप होय. इंग्लंडमधील हंबर नदीच्या खाडीतील गाळ प्रयोगशाळेत आणून त्यात पॉलिथिनचे तुकडे ठेवले असता काही दिवसांतच त्यांवर जिवाणूंचा थर वाढला आणि दोन आठवड्यांत त्या थराची घडण भोवतालच्या गाळातील जिवाणूंहून वेगळी झाली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

तिसऱ्या टप्प्यात शैवाल, आदिजीव आणि इतर सूक्ष्म प्राणी येतात व थर जाड होतो. येथे भौतिक परिणामही घडतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात. बाटल्यांचे पेट आणि जाळ्यांचे नायलॉन जड असल्याने बुडतात. मात्र जिवाणूंचा थर आणि त्यावर चिकटलेला गाळ यांच्या वजनाने तरंगणारे कणही खाली बसू लागतात. पृष्ठभागावरचे प्लास्टिक कमी झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात ते चिखलात, म्हणजे निवट्या, चिंबोऱ्या आणि खुबे यांच्या वसतिस्थानात पोहोचलेले असते.

प्लास्टिकावरण

समुद्रातील प्लास्टिकवर जीव वाढतात, ही नोंद १९७२ मध्ये सारगासो समुद्राच्या अभ्यासात झाली होती. या समुदायाला स्वतंत्र नाव मात्र २०१३ मध्ये एरिक झेटलर, ट्रेसी मिन्सर आणि लिंडा अमाराल-झेटलर यांनी दिले. जीवावरण या कल्पनेच्या धर्तीवर त्यांनी ‘प्लास्टिस्फिअर’ हा शब्द योजला. मराठीत त्याला ‘प्लास्टिकावरण’ म्हणता येईल. उत्तर अटलांटिकमधील तुकड्यांचे जनुकीय परीक्षण केले असता त्यावरील समुदाय भोवतालच्या पाण्याहून भिन्न असल्याचे दिसले. पॉलिप्रोपिलिनच्या एका तुकड्यावर तर सुमारे एक चतुर्थांश वाटा व्हिब्रियो या प्रजातीचा होता.

नद्यांच्या बाबतीत शिकागो येथील एका कालव्याचा अभ्यास उद्बोधक आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या वरच्या बाजूला दर घनमीटरमागे सुमारे दोन, तर खालच्या बाजूला सुमारे अठरा प्लास्टिककण आढळले. कणांवरील समुदायात मानवी आतड्यांच्या विकारांशी संबंधित कुळांतील जिवाणूंचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक होते. प्लास्टिक आणि मैला एकाच वाटेने आले, तर प्लास्टिकवर कोणते जिवाणू बसतील हे त्या वाटेवरच ठरू लागते.

व्हिब्रियो आणि मासळी

व्हिब्रियो हे खाऱ्या पाण्यातील नैसर्गिक रहिवासी आहेत. कोमट आणि मध्यम खारटपणाचे पाणी त्यांना मानवते. आपल्या खाड्यांत वर्षाचा बराच काळ नेमकी अशीच स्थिती असते. पटकीचा जंतू व्हिब्रियो कॉलरी हा याच प्रजातीतला. दूषित मासळीतून जुलाब-उलट्या घडविणारा व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस जपानमध्ये १९५० मध्ये सापडला आणि त्याचा जगभर पसरलेला एक प्रकार १९९६ मध्ये कोलकात्यात प्रथम ओळखला गेला. हाच जिवाणू उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्रातील प्लास्टिककणांवर असल्याचे २०१६ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखविले.

पृष्ठभागाला चिकटून प्रवास करणे ही व्हिब्रियोंची जुनीच सवय आहे. कोळंबी आणि सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या कवचातील कायटिनवर ते वाढतात. रिटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळून पिण्याचा प्रयोग केला. त्यामुळे पटकीच्या रुग्णांत सुमारे ४८ टक्के घट झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडीच्या विणीतून सुटा जिवाणू सहज आरपार जातो. अडकला तो त्याला वाहून नेणारा कवचधारी जीव. जिवाणू एकेकटा किती आहे यापेक्षा तो कशावर बसून येतो याला महत्त्व असू शकते, हा धडा प्लास्टिकच्या संदर्भात पुन्हा आठवावा असा आहे.

कालवे आणि खुबे पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यांच्या दृष्टीने जिवाणूंनी लेपलेला प्लास्टिककण आणि कुजक्या पानाचा कण यांत फारसा फरक नसतो. आपल्याकडे कालवे, कोळंबी, बोय किंवा जिताडा शिजवूनच खाल्ले जात असल्याने जिवाणूंचा धोका पुष्कळ कमी होतो, हे स्पष्ट केले पाहिजे. धोका उरतो तो कच्ची मासळी हाताळताना, एकाच विळीवर इतर पदार्थ चिरताना आणि अर्धवट शिजविलेल्या अन्नातून. खडकावरची कालवे फोडताना किंवा चिखलातून खुबे वेचताना ज्या स्त्रियांच्या हातापायांना शिंपल्यांच्या कडा कापतात, त्यांना जखमेतून होणाऱ्या संसर्गाचा धोका अधिक असतो. ग्राहकापेक्षा मासळी गोळा करणारी व्यक्ती या प्रश्नाच्या अधिक जवळ उभी आहे.

जनुकांची देवाणघेवाण

जैवपटलात जिवाणू एकमेकांना खेटून राहतात. त्यामुळे प्लास्मिड या डीएनएच्या वर्तुळाकार तुकड्याद्वारे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे गुणधर्म जाणे सोपे होते. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुणधर्मही याच मार्गाने पसरतो. गोड्या पाण्यातील प्लास्टिककणांवर असा जनुकविनिमय मुक्त जिवाणूंच्या तुलनेत अधिक वारंवारतेने घडतो, असे जर्मनीत झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. नागरी व रुग्णालयीन सांडपाणी, औद्योगिक सांडपाण्यातील जड धातू आणि प्लास्टिक हे तिन्ही घटक जेथे एकत्र येतात, तेथे या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

दोन अतिशयोक्ती टाळाव्यात

या विषयाची मांडणी करताना दोन टोकांच्या भूमिका आढळतात. पहिली अशी की, प्लास्टिक हा रोगजंतूंचा जणू खास वाहक आहे. उपलब्ध संशोधनाचा २०२० मध्ये आढावा घेताना ओबरबेकमन आणि लाब्रेन्झ यांनी निदर्शनास आणले की, प्लास्टिकवरील समुदाय पुष्कळदा लाकूड, काच अशा इतर पृष्ठभागांवरील समुदायांसारखाच असतो आणि रोगजंतू प्लास्टिकवर विशेषत्वाने वाढतात हे सिद्ध झालेले नाही. तथापि एक फरक उरतोच. तिवराचे पान काही महिन्यांत कुजते आणि त्यावरील वसाहत मोडते. प्लास्टिकचा तुकडा मात्र वर्षानुवर्षे टिकतो आणि प्रत्येक भरतीला जागा बदलतो. धोक्याचे मूळ प्लास्टिकच्या विशेष आकर्षणात नसून त्याच्या टिकाऊपणात आहे.

दुसरी अतिशयोक्ती याच्या उलट आहे : जिवाणू प्लास्टिक खाऊन टाकतील. जपानमधील साकाई येथे सापडलेला इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू २०१६ मध्ये प्रसिद्धीस आला. तीस अंश सेल्सिअस तापमानाला पेटचा पातळ पापुद्रा त्याने सुमारे सहा आठवड्यांत जवळपास संपवला. परंतु पेटच्या रेणूतील एस्टर बंध तोडणारी त्याची विकरे पॉलिथिन व पॉलिप्रोपिलिनच्या कार्बन-कार्बन साखळीवर चालत नाहीत. शिवाय खाडीत जिवाणूंना खाण्यास सोपे असे कुजके अन्न मुबलक असते. ते सोडून त्यांनी प्लास्टिक खावे याला कारण नाही. प्लास्टिकवर वाढणारा जिवाणू हा प्लास्टिक खाणारा असतोच असे नाही.

मोजणीतील उणीव

समुद्रस्नान व व्यावसायिक मासेमारी यांसाठी असलेल्या सागरी पाण्याच्या वर्गात दर शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्मची संख्या १०० पेक्षा अधिक नसावी, असा केंद्रीय निकष आहे. ही संख्या सर्वाधिक संभाव्य संख्या या पद्धतीने काढतात. पाण्याचे ठरावीक भाग नळ्यांत घालून किती नळ्यांत वाढ होते यावरून संख्येचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीचे गृहीतक असे की, जिवाणू पाण्यात सुटे व सारखे पसरलेले आहेत. नळीत एकच सुटा जिवाणू पडला काय किंवा हजारो जिवाणू बसलेला एक कण पडला काय, दोन्ही वेळा निष्कर्ष एकच येतो : नळीत वाढ झाली. तबकडीवर वसाहती मोजतानाही एका कणावरील हजारो जिवाणूंची एकच वसाहत दिसते. गाळात बसलेले कण तर पाण्याच्या बाटलीत येतच नाहीत. म्हणून खाडीच्या पाण्याचा अहवाल चुकीचा नसला तरी अपुरा असू शकतो.

हीच गोष्ट प्रक्रिया केंद्रांची. नवी मुंबई महानगरपालिकेने वाशी, नेरूळ, ऐरोली आदी ठिकाणी आधुनिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारली आहेत. अशी केंद्रे सूक्ष्मप्लास्टिकचा फार मोठा भाग पाण्यातून वेगळा करतात, असे परदेशांतील अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु वेगळा केलेला भाग नाहीसा होत नाही. तो मैल्याच्या गाळात जातो. त्या गाळाची विल्हेवाट कशी लागते, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांना वाव

या उणिवेची काही प्रमाणात भरपाई सामान्य साधनांनीही करता येण्याजोगी आहे. पॉलिथिन, काच आणि तिवराची काडी यांचे सारख्या आकाराचे तुकडे निर्जंतुक करून जाळीदार पिशव्यांतून जेट्टीला टांगावेत व दर आठवड्याला काही तुकडे काढावेत. निर्जंतुक खाऱ्या पाण्यात ते हलके धुऊन नंतर जोराने हलवल्यास चिकटलेले जिवाणू सुटतात. टी.सी.बी.एस. माध्यमावर व्हिब्रियोंच्या पिवळ्या व हिरव्या वसाहती ओळखता येतात. त्यांची खात्री पुढील चाचण्यांनी करावी लागते. काच व काडी यांच्याशी तुलना अनिवार्य आहे, अन्यथा दिसलेला परिणाम प्लास्टिकचा की कोणत्याही पृष्ठभागाचा, हे ठरविता येणार नाही.

गाळातील कण वेगळे करण्यासाठी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात; त्यात पॉलिथिन व नायलॉन वर येतात, परंतु जड असलेले पेट तळाशी राहते, हे निष्कर्ष काढताना ध्यानात ठेवावे. सेंद्रिय मळ काढण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्यास जिवाणूही नष्ट होतात. म्हणून कणांची संख्या आणि कणांवरील जिवाणू यांसाठी एकाच जागेचे दोन वेगळे नमुने घेणे आवश्यक ठरते. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात व नंतर, तसेच उधाण व भांग अशा दोन्ही वेळी नमुने घेतल्यास चित्र अधिक स्पष्ट होईल. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे.

समारोप

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. या उपायांचे महत्त्व मोठे आहे. पण जे प्लास्टिक आधीच खाडीच्या गाळात गेले आहे, ते तेथेच राहणार आहे. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, घनकचरा आणि सांडपाणी हे प्रशासनाच्या दृष्टीने दोन विभाग असले, तरी खाडीत ते एकाच कणावर येऊन मिळतात. प्रक्रिया न केलेले सांडपाणी थांबले, तर उरलेल्या प्लास्टिकवर निदान खाडीचे स्वतःचे जिवाणू वाढतील, शहराचे नव्हेत. म्हणूनच या दोन प्रश्नांचा विचार एकत्रितपणे व्हावयास हवा आणि खाडीच्या तपासणीत पाण्याबरोबर गाळ व त्यातील कण यांचाही समावेश व्हावयास हवा. खाडीच्या चिखलात रोज उतरणाऱ्यांना त्यात काय आहे हे जाणून घेण्याचा अधिकार आहे, आणि ते शोधण्याची साधने खाडीकाठच्या महाविद्यालयांपाशी आहेत.